पाचवीची कुंची

रेवाच्या बारशासाठी वाईहून आईनं एक जुनी कुंची पाठवली होती, रुचिरा स्वतः तान्ही असताना तिला घातलेली. पुडा उघडला तर टोपऱ्याला कसर लागलेली आणि मागच्या झुलीची पार चाळण झालेली. रुचिरा थोडा वेळ रडली. ओली बाळंतीण होती ती, तेव्हा तिला चहा उतू गेला तरी रडू यायचं. मग डोळे पुसून तिनं ती कुंची टाका न् टाका उसवली, तुकडे फरशीवर मांडले, वर्तमानपत्रावर त्यांचे आकार काढले आणि आईच्याच एका जुन्या इरकलीतून नवी शिवली. डोक्याला घट्ट बसणारं टोपरं, चेहऱ्याभोवती साडीचा काठ, मानेशी बारीक चुण्या आणि तिथून पायांपर्यंत उतरलेली झूल. बारशाला आलेल्या बायकांनी बाळाच्या आधी कुंचीच हातात घेतली.

झालं, तिथून सगळं सुरू झालं. आधी शेजारीण, मग शेजारणीची नणंद, मग कोण कुठल्या अनोळखी बायका. "आमच्या आजीची साडी आहे, तिच्यातून होईल का हो?" म्हणून फोन यायचे. होईल की, का नाही होणार! रेवा दुपारी झोपली की रुचिरा मशीनवरचं फडकं काढायची. रेवा दीड वर्षाची झाली तोवर तिच्या हातून सदतीस कुंच्या गेल्या होत्या. पैशांचं विचारलं की ती अवघडून म्हणायची, "काय द्यायचं ते द्या हो. छंद आहे माझा." मग कुणी पाकिटात पाचशे घालायचं, कुणी हजार. एकीनं तर नुसते पेढे दिले होते.

या कामाची एक गंमत होती. बाळ जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, अशी बहुतेक घरांतली रीत. साडी आधी आणून देत, पण वर बजावत, "कातर लावू नका हं आत्ता." त्यामुळे दवाखान्यातून फोन आला की रुचिराचे दिवस मोजायला लागायचे. आज जन्म, बाराव्या दिवशी बारसं, म्हणजे हातात अकरा दिवस. कधी दोन घरी एकाच दिवशी बाळं यायची, कधी रेवाला ताप भरायचा. मागच्या दिवाळीत खांदा कॉलनीतल्या वसुंधराताईंना कुंची मिळाली ती बारसं होऊन दोन दिवसांनी. रुचिरा म्हणाली, "सॉरी हं ताई. मी आपली हौस म्हणून करते ना, कधीकधी नाही जमत." वसुंधराताई म्हणाल्या, "असू दे गं, लहान मूल आहे तुला." त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, आणि रुचिरानंही नाही.

तर एका मंगळवारी, थंडीच्या दिवसांत, कामोठ्यातल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाकरकाका दारात आले. काका पोस्टातून निवृत्त झालेले. कुठलाही कागद हातात घेतला की आधी उलटा करून पाठ कोरी आहे ना बघायचे.

"रुचिरा, रागावू नकोस बेटा. खालच्या दोनशे दोनमधून तक्रार आलीय. तुझ्याकडे येणारी माणसं मजला चुकतात आणि त्यांची बेल वाजवतात. परवा म्हणे एक बाई थेट आत जाऊन सोफ्यावर बसल्या आणि पाणी मागितलं."

रुचिराला हसू फुटलं. काकांनाही फुटत होतं, पण त्यांनी ते चष्म्यामागं दाबलं.

"तर त्यांचं म्हणणं, हा धंदा आहे. आणि घरातून धंदा करायचा तर सोसायटीची परवानगी लागते, महिन्याचा जादा आकार लागतो. रविवारी अकराला सभा आहे, तिथं विषय निघणार. मी म्हटलं आधी तुलाच विचारावं. पाटी लावलीयस का?"

"नाही हो काका."

"कुणी नोकर? जाहिरात? पावतीपुस्तक?"

"छे!"

"मग संपलं तर! तू मला एक ओळ लिहून दे. 'मी हे हौस म्हणून करते, हा व्यवसाय नाही.' खाली सही. मी ती सभेत वाचतो आणि विषय मिटवतो. आकार नको न् काही नको. रविवारपर्यंत दे."

काका गेल्यावर रुचिरानं रेवाच्या चित्रांच्या वहीतलं एक पान फाडलं आणि लिहायला बसली. 'मी, सौ. रुचिरा सत्यजीत' इथवर लिहून झालं आणि पेन थांबलं. का थांबलं ते तिचं तिलाही कळेना. जे ती दीड वर्ष तोंडानं म्हणत होती तेच तर लिहायचं होतं.

आत तिच्या सासूबाई, दमयंतीबाई, पुण्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "नाही गं, रुचिरा कुठं जात नाही आता. घरीच असते. हो, करते काहीतरी शिवणबिवण, वेळ जायला."

वेळ जायला! रुचिरानं हातातल्या पेनाकडं बघितलं. दिवसभरात तिला स्वतःचा म्हणून जो तास मिळायचा तो ती रेवाच्या झोपेतून चोरायची, आणि तो काय नुसता घालवायला?

संध्याकाळी सत्यजीत ऑफिसातून आला, त्यानं तो अर्धा कागद वाचला. "लिहून टाक की. हौसच आहे ना?"

"हो ना," रुचिरा म्हणाली.

"मग तोंड का असं झालंय?"

"असं म्हणजे कसं?"

"कारल्यासारखं."

"तू जेव आधी," असं म्हणून तिनं कागद फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, गंगाबाईंचा निरोप आला.

गंगाबाई म्हणजे उलव्याच्या कडेच्या जुन्या गावातल्या कोळीणमावशी. आठवड्यातून तीनदा टोपली घेऊन सोसायटीच्या फाटकाशी बसायच्या. महिन्यापूर्वी मासळी विकून झाल्यावर त्या हात धुऊन वर आल्या होत्या आणि पिशवीतून त्यांनी एक हिरव्या चौकडीचं सुती लुगडं काढलं होतं.

"माझ्या सुनंच्या आयचं हाय. कोमलच्या. दोन वर्सं झाली तिला जाऊन. बाप आदीच नाय. आता पयलं बाळंतपन माहेरी करतात, तं पोरीला जायला माहेर नाय. बाळंतविडा आजोळवरनं येतो, तं आजोळ नाय. मी बोल्ले, सगळं मी करीन, पन कुंची तरी आजोळची पायजे. व्हईल हेच्यातनं?"

"होईल की मावशी. सुंदर होईल."

"पन बाळ येतपर्यंत कातर नको लावू हां!"

"नाही लावत."

ते लुगडं महिनाभर कपाटात घडी घालून पडलं होतं. आणि आता हा निरोप, बोलून पाठवलेला, दोन मिनिटांच्या वरचा. रुचिरा एका हातानं खिमट ढवळत होती आणि रेवा तिच्या पायाला मिठी मारून उभी होती. फोनमधून दवाखान्यातला गलका आणि त्यावर गंगाबाईंचा खणखणीत आवाज, "अगो रुचिरा, नातू झाला मना! सक्काळी सात वाजता! तीन किलोचा हाय, नाक तं पार सुरमईसारकं..." इतक्यात रेवानं ओट्यावरची वाटी ओढली, खिमट रेवाच्या केसांत आणि रुचिराच्या पावलांवर. फोन राहिला बाजूला. सगळं पुसून, पोरीला धुऊन, झोपवून रुचिरा परत आली तेव्हा निरोप केव्हाच संपला होता. तिनं हसून चार लाल बदाम पाठवले आणि खाली लिहिलं, 'अभिनंदन मावशी!! कुंची नक्की!!' मग कॅलेंडरवर बारा दिवस मोजले आणि येत्या नव्हे, त्यापुढच्या रविवारावर लिहिलं, 'गंगाबाई, बारसं.' बक्कळ वेळ होता.

रविवार उजाडला. सकाळचे साडेआठ, पोह्यांना फोडणी पडलेली. सभेला अडीच तास होते आणि फ्रिजवरचा कागद अजून अर्धाच. तेवढ्यात गंगाबाईंचा फोन.

"पोरी, मी प्रणितला पाठवते तीन वाजता. कुंची नीट कागदात बांधून दे हां त्याच्याजवल. माझा लेक येडा हाय, डिक्कीत हेल्मेटखाली कोंबंल."

रुचिरानं कॅलेंडरकडं बघितलं. "आज मावशी? बारसं पुढच्या रविवारी ना?"

"बारसं हाय की पुढं. पन कुंची आज लागंल, पाचवीला. मी बोल्ले व्हते ना तुला. आमच्यात पाचवीलाच घालतात, पाटा-वरवंट्याची पूजा झाली की. तू बोल्लीस ना, नक्की."

रुचिराच्या घरात कुंची बारशाला घालत. तिच्या आईच्या घरात, सासूबाईंच्या घरात, आजवरच्या सदतीस घरांत. दुसरीकडं दुसरी रीत असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि लुगडं तर अजून कपाटात. कातर नाही, पाणी नाही, काही म्हणता काही नाही.

तिनं तोंड उघडलं. वाक्य तयारच होतं, जिभेवर बसलेलं. मावशी, मी आपली हौस म्हणून करते ना...

ते बाहेर येईना.

"मावशी," ती म्हणाली, "प्रणितदादाला नका पाठवू. मीच घेऊन येते. पूजा किती वाजता?"

"दिवे लागायच्या आदी. पाच-साडेपाचला."

"पाचला येते."

फोन ठेवून तिनं बुधवारचा निरोप उघडला आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकला. सुरमई, दवाखाना, कोमलचं दुखणं, आणि मग शेवटी, आवाज जरा खाली आणून, "...आन पाचवी रविवारी हाय बघ. आमच्यात कुंची पाचवीलाच घालतात. जमंल ना तुला पोरी? नाय जमत असंल तं आताच बोल, मी राग नाय मानायची. मी दुसरं कायतरी बघीन." त्याच्या खाली तिचे स्वतःचे चार लाल बदाम. कुंची नक्की. दोन उद्गारचिन्हं.

"अगं, पोहे करपतायत!" सासूबाई ओरडल्या.

"आई, पोहे बघा," रुचिरा म्हणाली आणि कपाटाकडं गेली.

जुनं कापड धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम. लुगडं बादलीत बुडवलं, हलक्या हातानं चोळलं आणि गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून बांधलं. नऊवारी कापड, गॅलरी जेमतेम दहा फुटांची. तीन पदरी टाकावं लागलं. विरलेलं असल्यामुळं वाळेल लवकर, पण ऊन अजून समोरच्या इमारतीच्या मागं अडकलेलं.

सत्यजीतला तिनं काय झालं ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग सांग ना त्यांना की नाही जमलं. तुझी कुठं नोकरी आहे ही?"

"नाही सांगता येणार."

"अगं, पण चूक सगळ्यांकडून होते."

"चूक झाली म्हणूनच तर. त्यांनी मला विचारलं होतं रे, आत्ताच बोल म्हणून. मी ऐकलंसुद्धा नाही आणि नक्की म्हणून मोकळी झाले." तिनं गॅलरीतल्या लुगड्याकडं बोट दाखवलं. "त्या मुलीचं माहेर म्हणजे एवढं एक लुगडं आहे, सत्या. ते माझ्या कपाटात होतं."

सत्यजीतनं तिच्याकडं नीट बघितलं. मग रेवाला उचलून खांद्यावर घेतलं. "चल गं ढमे, आपण बागेत जाऊ. आईच्या पायात पायात नको."

पावणेअकराला कापड हाताला कोरडं लागलं. रुचिरानं ते फरशीवर पसरलं आणि गुडघ्यांवर बसून ती त्यावरून तळवा फिरवू लागली, कुठं मऊ आहे, कुठं विरलंय ते शोधत. कमरेशी खोचलं जायचं तिथं कापड टाका धरण्याजोगं नव्हतं. खांद्यावरचा भाग मात्र मऊ होऊनही धड होता, आणि तिथंच बोटाला काहीतरी बोचलं. हातभर फाटलेलं कुणीतरी शिवलं होतं, साध्या दोऱ्यानं नाही, जाळं विणायच्या निळ्या दोऱ्यानं. टाके ओबडधोबड, पण असे पक्के की कापड विरलं तरी ते तसेच. रुचिरानं तिथं खडूची खूण केली. हा भाग झुलीत येईल असा तिनं कागदी साचा फिरवला.

बेल वाजली. प्रभाकरकाका, इस्त्रीच्या सदऱ्यात, काखेत सभेचं रजिस्टर.

"रुचिरा, ती ओळ दे बेटा. सुरुवातीलाच वाचून टाकतो."

रुचिराच्या ओठांत चार टाचण्या होत्या. तिनं एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचली.

"काका, नाही लिहिता येणार."

"का गं? पाटी नाही, नोकर नाही..."

"ते सगळं खरं. पण काका, हे आज पाच वाजता उलव्याला पोचलं नाही तर एका घरात पूजा अडेल. आणि मी तसं कबूल केलंय. हौस असती तर मी आत्ता टेबलाशी बसून पोहे खात असते."

"करपलेत पोहे," आतून सासूबाई म्हणाल्या.

काकांनी रजिस्टर एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. "म्हणजे हा व्यवसाय, असं म्हणतेस? बघ हं. मग आकार लागेल. भांडणं होतील. दोनशे दोनवाले सोडणार नाहीत."

"होऊ देत."

"मग परवानगीचा अर्ज लागेल, लेखी. आत्ता, दहा मिनिटांत."

नेमका तेव्हाच सत्यजीत बागेतून परत आला, रेवाच्या मुठीत माती. रुचिरा कातर हातात घेत म्हणाली, "सत्या, अर्ज लिही. मी सही करते. माझे हात मोकळे नाहीत."

फ्रिजवरचा अर्धा कागद काढून त्यानं पाठीमागं लिहायला सुरुवात केली. "व्यवसायाचं नाव काय टाकू?"

"नाव नाही अजून."

"स्वरूप?"

"कुंच्या शिवते, लिही."

"एवढंच?"

"एवढंच करते मी. आणि काय लिहिणार!"

तिनं फरशीवर वाकूनच सही केली. काका कागद उलटसुलट करत, सत्यजीतला बरोबर घेऊन, खाली गेले. मग रुचिरानं कातर लावली.

टोपऱ्याचे दोन तुकडे, झुलीचा एक, आतल्या अस्तराला त्याच लुगड्याचा अगदी मऊ भाग. एरवी ती हे चार दुपारी पसरून करायची. आता मशीन थांबलं की तिची नजर घड्याळाकडं जायची. रेवा येऊन पायांशी बसली आणि चौकडीचा एक तुकडा डोक्यावर घेऊन "बाळ, बाळ" करू लागली. दमयंतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या. मग चष्मा लावून खुर्ची ओढली.

"काठ इकडं दे. आतली तुरपाई मी घालते."

"आई, बारीक टाके लागतात हं, बाळाला टोचायला नकोत."

"अगं ए, सत्यजीतची झबली मी हातानं शिवलीयत. मशीन नव्हतं आमच्याकडं." त्यांनी सुईत दोरा एका झटक्यात ओवला. रुचिराला रोज तीनदा चाटून ओवावा लागायचा. दोन टाके घालून त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तुझं मन रमावं म्हणून आहे हे. नोकरी सोडल्यापासून तू गप्प गप्प असायचीस."

"आधी तसंच होतं, आई."

"हं," म्हणून त्यांनी मान खाली घातली. पुण्याहून फोन वाजला तेव्हा त्यांनी तो कानाशी धरून एवढंच सांगितलं, "नंतर बोलते गं. आम्ही दोघी कामात आहोत."

दीडला सत्यजीत वर आला, केस विस्कटलेले, जणू सभा नाही, कुस्ती होती.

"बापरे! दोनशे दोनवाल्या बाई अशा बोलल्या की काय सांगू. तरी मिळाली. एका वर्षासाठी. महिन्याला तीनशे जादा. गिऱ्हाइकांनी फक्त अकरा ते एक यायचं. आणि जिन्यात बाण काढायचा, म्हणजे पुन्हा कुणी त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसणार नाही."

"तीनशे?" रुचिरा म्हणाली. "मी तर लोकांना काय द्यायचं ते द्या म्हणते."

दमयंतीबाईंनी दोरा दातानं तोडला. "मग आता म्हणू नकोस."

साडेतीनला शेवटची टीप पडली. बंद लावले, गोंडा लावला, इस्त्री फिरवली. उरलेल्या कापडाची घडी घातली. बोटभर चिंधीसुद्धा ती कधी ठेवून घेत नसे, ज्यांचं त्यांना परत. सत्यजीतनं स्कूटर काढली. कामोठ्यातून बाहेर पडताना ट्यूशनहून सुटलेल्या मुलांनी रस्ता अडवला, उलव्याच्या रस्त्याला सिमेंटच्या गाड्या, धूळ, अर्ध्या उभ्या इमारती. रुचिरानं पुडकं ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलं होतं.

"हळू चालव."

"उशीर होईल म्हणतेस आणि हळू चालव म्हणतेस."

"दोन्ही कर."

पाचला दहा कमी असताना ते गंगाबाईंच्या दारात पोचले. घर बायकांनी भरलेलं. कोपऱ्यात पाटा-वरवंटा धुऊन हळदकुंकू लावलेला. खाटेवर कोमल, वीस-एकवीसची, डोळ्यांखाली जागरणाच्या खुणा, आणि मांडीवर ते नाक.

"आली बघा!" गंगाबाई उठल्या.

रुचिरानं पुडकं द्यायच्या आधीच सांगून टाकलं. "मावशी, माझं चुकलं. तुमचा निरोप मी पुरता ऐकलाच नव्हता. आज सकाळी तुमचा फोन आला तेव्हा कळलं. कातर अकरा वाजता लावली."

बायकांच्यात कुजबुज झाली. गंगाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"अकरा वाजता? आज?"

"हो."

"आन मी सगल्यांना सांगत बसले, कामोठ्याची पोरगी चार दिस खपते माझ्या नातवासाठी!" त्या आधी रागानं बोलत होत्या की हसत, ते कळेना. मग कळलं. "असं नाय चालत बाय धंद्यात. पापलेट बोलून मी बांगडा दिला, तं गिऱ्हाईक उंद्या येल माझ्याकडं?"

"नाही येणार."

"मग? दरवक्ती पुरतं ऐकायचं. कोन कितीबी बडबड करो." आणि मग मऊ आवाजात, "पन आणलीस. वेलंवर आणलीस. दे ती हिकडं."

कुंची कोमलच्या हातात गेली. तिनं आधी ती नाकाशी धरली. रुचिराच्या मनात आलं, धुतलं नसतं तर बरं झालं असतं का?

"साबणाचा वास येतोय," कोमल म्हणाली.

"धुवावं लागलं गं. बाळासाठी."

"नाय, बरं झालं." कोमलनं परत वास घेतला. "आय मासळी विकून आली की आंगोळ करून साबणानं हात घासत बसायची. मंगच मना जवल घ्यायची. तिला असाच वास यायचा." मग तिनं झूल उलटी केली, तिला निळे टाके दिसले आणि बोटानं त्यांच्यावरून ती पुढं मागं जात राहिली. ती रडली नाही. गंगाबाईच दोन्ही हातांनी पदर तोंडाला लावून चुलीपाशी गेल्या आणि तिथं उगाचच कुणालातरी ओरडल्या.

पूजा झाली. गंगाबाईंनी बाळाला कुंची घातली. टोपरं बरोबर बसलं. बाळानं डोळे उघडले, हिरव्या चौकडीच्या आतून सगळ्यांकडं एकदा कपाळाला आठ्या घालून बघितलं आणि परत झोपून गेलं. बायका हसल्या. एकीनं झूल हातात घेऊन आतले टाके तपासले, जाळ्याची गाठ बघावी तसे.

"माझ्या लेकीला फाल्गुनात हाय," ती रुचिराला म्हणाली. "माझ्याकडं माझ्या आयशीचं लुगडं हाय. तुजं दुकान कुठं हाय गो?"

दारात स्कूटरची किल्ली फिरवत उभा असलेला सत्यजीत थांबला. रुचिराला वाटलं तो हसेल. तो हसला नाही, तिच्याकडं बघत राहिला.

"कामोठ्याला," रुचिरा म्हणाली. "तिसरा मजला. जिन्यात बाण आहे. म्हणजे काढायचाय, उद्या काढते. अकरा ते एक यायचं. लुगडं आधी आणून ठेवा आणि पाचवीला हवी की बारशाला ते मला नीट सांगा, मी लिहून घेईन."

"कंदीपन येऊ?"

"रविवार सोडून," रुचिरा म्हणाली. "रविवारी बंद असतं."

"आज रविवारच हाय की गो!"

"आजपासून," रुचिरा म्हणाली, आणि बायकांच्या हसण्यात तिचंही हसू मिसळून गेलं.